उत्तरायण केव्हा सुरू होते?

मकर संक्रमण हा हिंदू समाजाच्या उत्सवमालिकेतील एक प्रसन्न उत्सव. घरोघरी तिळगूळ वाटला जातो, थोरामोठ्यांना नमस्कार होतात, शाखाशाखांतून बौद्धिके होतात. या बौद्धिकांत एक वाक्य हमखास येते : ‘आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू झाले; आजपासून दिवस मोठा होऊ लागणार.’ वक्ता ते मनापासून सांगतो आणि श्रोते तितक्याच श्रद्धेने ऐकतात. मात्र ज्या सूर्यनारायणाविषयी हे बोलले जाते, त्याने तीन आठवड्यांपूर्वीच आपली दिशा पालटलेली असते. उत्तरायणाचा आरंभ २१ किंवा २२ डिसेंबरला होतो. १४ वा १५ जानेवारीला नव्हे.

हे विधान ऐकून काही सज्जन अस्वस्थ होतात. परंपरेवर आणखी एक घाव घातला जात आहे असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उत्तरायणाचा दिवस सूर्याकडे पाहून ठरवावा, हाच या देशाच्या ज्योतिषाचा मूळ आग्रह होता. तो पुढे सुटला. हे पटवून घेण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांइतकी सोयीची जागा दुसरी सापडणार नाही. जुन्नरच्या पश्चिम टोकाला नाणेघाट, पूर्व टोकाला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आणि दोन्ही तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात नक्षत्र पाहून भाताची रोपे टाकणारा शेतकरी. सूर्याच्या गतीचा हिशेब येथे तिघांनी तीन तऱ्हांनी ठेवला आहे.

प्रथम सावलीचा पुरावा पाहू जावा. जुन्नर शहर सुमारे १९ अंश १२ कला उत्तर अक्षांशावर आहे. आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव व मंचर किंचित दक्षिणेस. जुन्नरच्या एखाद्या शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ रोवली आणि भर माध्यान्ही तिची सावली मोजली, तर २१-२२ डिसेंबरला ती ९२ सेंटिमीटर भरते आणि उत्तरेकडे पडते. (येथे माध्यान्ह घड्याळातील बाराला होत नाही, साडेबारा उलटून गेल्यावर होतो.) माध्यान्हीची ही वर्षातील सर्वांत लांब सावली. संक्रांतीच्या दिवशी तीच सावली ८५ सेंटिमीटरच्या आसपास आलेली असते. जो सूर्य त्या दिवशी दक्षिणेकडून वळायचा, त्याची सावली आधीच सात सेंटिमीटर आखडली कशी? दिनमानही तोवर सुमारे सात मिनिटांनी वाढलेले असते. पुढे मे महिन्याच्या मध्यावर, १६ तारखेच्या सुमारास, सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते. सूर्य थेट माथ्यावर आलेला असतो. २१ जूनला ती पुन्हा दिसते, परंतु दक्षिणेकडे पडलेली आणि जेमतेम सात सेंटिमीटरची. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात ती पुन्हा शून्य होते. मात्र त्या दिवसांत शिवनेरीवर ढग उतरलेले असतात आणि सूर्यदर्शनच दुर्लभ.

प्रभात शाखेला नित्य जाणाऱ्या स्वयंसेवकाचा अनुभव मात्र याच्या विरुद्ध असतो, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर सरला तरी सकाळचा अंधार हटत नाही; उलट सूर्योदय लांबतच जातो आणि संक्रांत झाल्यावरच तो अलीकडे येऊ लागतो. हा अनुभव खोटा नाही. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नसल्यामुळे आणि तिची आस कललेली असल्यामुळे घड्याळातील माध्यान्ह या दिवसांत रोज थोडा पुढे सरकतो. त्यामुळे वाढलेल्या दिवसाचा सारा लाभ संध्याकाळच्या पदरात पडतो. संध्याकाळ नोव्हेंबरच्या अखेरीनंतर हळूहळू लांबू लागलेली असते. सकाळ मात्र संक्रांतीपर्यंत मागे रेंगाळते. ‘संक्रांतीपासून दिवस मोठा’ ही समजूत इतकी घट्ट का बसली, याचे एक कारण येथे असावे.

सूर्य उत्तरेकडे वा दक्षिणेकडे जातो असे म्हणायचे. प्रत्यक्षात जाते ती पृथ्वी. ती स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, परंतु या दोन फेऱ्यांच्या पातळ्या एक नाहीत. पृथ्वीची आस २३ अंश २६ कलांनी कललेली आहे आणि वर्षभर तिचे उत्तर टोक आकाशात जवळजवळ एकाच दिशेकडे, ध्रुवताऱ्याकडे, रोखलेले राहते. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर कललेला. ऋतू होतात ते या कलण्यामुळे. सूर्य जवळ-दूर असण्यामुळे नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी अंतर १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते आणि जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लाख. नारायणगावच्या बागाईतदाराला द्राक्षांवर थंडीचा कडाका येईल अशी धास्ती ज्या दिवसांत असते, त्याच दिवसांत सूर्य सर्वांत जवळ असतो!

या कलण्याला कोणताही सार्वत्रिक नियम नाही. बुधाची आस जवळजवळ उभी आहे. गुरूची अवघी तीन अंशांनी कललेली. तेथे ऋतू जवळपास नाहीतच. मंगळ २५ अंश आणि शनी २७ अंशांच्या जवळ. म्हणजे पृथ्वीचेच भाऊबंद. युरेनस मात्र सुमारे ९८ अंशांनी कलून आडवा पडल्यासारखा सूर्याभोवती फिरतो. त्याचे वर्ष पृथ्वीच्या ८४ वर्षांचे, त्यामुळे त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षे दिवस आणि ४२ वर्षे रात्र. आणि शुक्र? तो बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरतो आणि तेही इतके सावकाश, की एका फेरीला २४३ दिवस लागतात. सूर्याची प्रदक्षिणा तो २२५ दिवसांत पुरी करतो. शुक्रावर सूर्य पश्चिमेला उगवतो. ग्रह घडत असताना झालेल्या प्रचंड टकरींनी त्यांच्या आसा अशा इकडेतिकडे झुकल्या असाव्यात, असे शास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीचे भाग्य असे की तिला मोठा चंद्र लाभला आणि त्याच्या ओढीमुळे तिचा कल फारसा ढळत नाही. मंगळाला असा सोबती नाही. त्याची आस लाखो वर्षांच्या काळात कितीतरी अधिक डळमळते.

तथापि चंद्राच्या याच ओढीत सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर ती फुगलेली आहे आणि तेथील व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा ४३ किलोमीटरनी अधिक आहे. चंद्र आणि सूर्य या फुगवट्याला ओढतात. जमिनीवर सोडलेला भोवरा वेग मंदावल्यावर जसा डोलू लागतो आणि त्याची आर जागेवर राहून वरचे टोक वर्तुळ काढते, तशीच पृथ्वीची आसही डोलते. कल तोच राहतो, दिशा बदलते. एक डोल पुरा होण्यास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. याचा परिणाम असा, की उत्तरायणाच्या दिवशी सूर्य ज्या ताऱ्यांत दिसतो ते तारे शतकाशतकाला बदलतात. दर ७२ वर्षांना एक अंश. यालाच अयनचलन म्हणतात. ताऱ्यांना धरून वर्ष मोजले की ते निरयन. ऋतूंना धरून मोजले की सायन. संक्रांत निरयन आहे, उत्तरायण सायन आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होती. आज त्यांच्यात २४ अंशांहून थोडे अधिक अंतर पडले आहे.

प्राचीनांना हे ठाऊक नव्हते काय? होते, आणि येथे नाणेघाटाची आठवण होते. कोकणातून घाटावर चढणाऱ्या त्या पुरातन वाटेवरील लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. त्यात ज्या देवतांना नमन केले आहे त्यांत चंद्र आणि सूर्य आहेत. ज्या यज्ञांची नोंद आहे त्यांत ‘गवामयन’ आहे. गवामयन हे वर्षभर चालणारे सत्र. सूर्याच्या गतीप्रमाणे त्याचे दोन अर्ध आणि मधोमध विषुवान हा दिवस. असे सत्र करायचे तर अयन केव्हा पालटते हे आकाशात पाहावेच लागे. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट लिहिले, की एके काळी धनिष्ठेच्या आरंभी उत्तरायण होत असे हे पूर्वशास्त्रांत सांगितले आहे म्हणून खरेच असले पाहिजे. सध्या मात्र ते मकरारंभी होते, आणि फरक पडला तर प्रत्यक्ष पाहून तो जाणावा. एवढेच सांगून तो थांबला नाही. शंकूच्या सावलीने ते कसे तपासावे हेही त्याने सांगितले. वराहमिहिराने पूर्वाचार्यांना खोटे ठरविले नाही आणि त्यांचा शब्द धरूनही बसला नाही. आज मकरारंभाचा आग्रह धरणारे त्याचेच वचन उराशी कवटाळतात, पण त्याची काठी उचलत नाहीत.

याच संदर्भात एक गोष्ट परखडपणे सांगितली पाहिजे. ‘आमच्या पूर्वजांना सारे आधीच ठाऊक होते’ असे म्हणून टाळ्या मिळतात, परंतु त्यात पूर्वजांचाच अवमान असतो. कारण त्यांनी घेतलेले कष्ट आणि घातलेले वाद पुसले जातात. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आर्यभटीयात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले. नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. त्याच्या आकड्यांवरून पृथ्वीच्या एका फेरीचा काळ २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद निघतो. आजचे माप सेकंदापर्यंत तेच आहे. पण वराहमिहिराने आणि ब्रह्मगुप्ताने हा विचार खोडून काढण्याचा प्रयत्न केला, हेही तितकेच खरे. सूर्यसिद्धांतात अयनबिंदू २७ अंश पुढे आणि २७ अंश मागे झोके घेतात असे मानले आहे. मुंजालाने ते झोके न मानता अखंड फेरी मानली आणि भास्कराचार्यांनी त्याची दखल घेतली. वाद घालणारी, चुकणारी आणि चूक सुधारणारी ही परंपरा होती. अभिमान बाळगावा तो तिचा.

संक्रांत सरकते याचा एक पुरावा तर घराघरांतील तसबिरीशी जोडलेला आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा. तारीख १२ जानेवारी १८६३. आज ती तारीख राष्ट्रीय युवा दिन म्हणून साजरी होते आणि संक्रांत दोन-तीन दिवसांनी येते. आणखी मागे गेले तर पानिपत. १४ जानेवारी १७६१ चा तो घोर दिवस संक्रांतीचा होता असे व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. गणित केले तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. मराठ्यांवर ‘संक्रांत’ कोसळली हे खरेच; पण पंचांगातील संक्रांत तेव्हा होऊन गेली होती. हीच गती चालू राहिली, आणि ती राहणारच, तर आणखी सुमारे दोन हजार वर्षांनी संक्रांत फेब्रुवारीच्या मध्यावर येईल. तेव्हाचा वक्ताही ‘आजपासून उत्तरायण’ असेच म्हणणार काय?

हे सारे पंडितांचे वाद आहेत, शेतकऱ्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आंबेगावच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत, भातशेतीचे वेळापत्रक सूर्यनक्षत्रांवर चालत आले आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नावे तेथे पावसाचीच नावे आहेत. मृग नक्षत्र आज ७-८ जूनला लागते आणि मोसमी पावसाशी त्याची जोडी चांगली जमते. परंतु नक्षत्रे निरयन आणि पाऊस सायन! पाऊस येतो तो आसेच्या कलण्याने जमीन तापते म्हणून. सूर्यामागे कोणते तारे आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. वराहमिहिराच्या काळी मृग नक्षत्र आजच्या हिशेबाने मेच्या मध्यावर लागत होते. ऋतुमान तेव्हाही असेच होते असे धरले, तर आज मृगाला येणारा पाऊस त्या काळी आर्द्रेला येत असणार. एका माणसाच्या आयुष्यात हा फरक जेमतेम एका दिवसाचा, म्हणून शेतकऱ्याचे काही बिघडत नाही. त्याने आपल्या आजोबांच्या आडाख्यावर खुशाल विसंबावे. पण हजार-दीड हजार वर्षांचा आडाखा आहे तसा चालेल, हा समज मात्र चुकीचा.

आता खोडद. नाणेघाटापासून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पूर्वेला, नारायणगावजवळच्या या गावी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ उभारला. २००१ मध्ये तो राष्ट्राला अर्पण झाला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ तीन बाहूंवर, आसपासच्या गावांच्या शिवारांत, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. त्यांची कल्पना ज्यांची, ते प्रा. गोविंद स्वरूप हे पृथ्वीच्या परिवलनाचा उपयोग करून घेण्यात वाकबगार होते. उटीला १९७० मध्ये त्यांनी उभारलेली दुर्बीण ११ अंश उताराच्या डोंगरावर आहे, कारण त्या स्थळाचा अक्षांशही ११ अंशच. डोंगराचा उतार अक्षांशाइतका असल्यामुळे ५३० मीटर लांबीची ती दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या आसेला समांतर झाली आणि एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन् तास धरून ठेवणे शक्य झाले. परदेशातून महागडी यंत्रसामग्री आणण्याऐवजी डोंगर निवडणारी ही बुद्धी! खोडदला पृथ्वीकडून आणखी मोठे काम करून घेतले जाते. तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात; पृथ्वी फिरते तशी आकाशाच्या दृष्टीने प्रत्येक जोडीची दिशा पालटत जाते आणि काही तासांत या सुट्या तबकड्यांतून एका प्रचंड तबकडीचे काम साधते.

आणि येथेच पंचांगाचा जुना वाद वेगळ्या रूपाने भेटतो. जगभरच्या सूचींत तारे व दीर्घिका यांची स्थाने इ. स. २००० च्या आरंभीचा वसंतसंपात प्रमाण धरून दिलेली असतात. त्यानंतर पाव शतक लोटले. आस तेवढी डोलली. तबकडी सूचीतल्या आकड्याकडे तशीच वळवली, तर चूक २१ कलांपर्यंत जाईल, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या दोन तृतीयांश. दोन विकलांइतका बारकावा टिपू शकणाऱ्या दुर्बिणीला ही चूक परवडणार नाही. म्हणून प्रत्येक निरीक्षणापूर्वी संगणक अयनचलनाचा संस्कार देतो आणि मगच तबकड्या वळतात. ज्या अयनांशावरून पंचांगकर्त्यांच्या पिढ्या भांडल्या, त्याचा हिशेब खोडदला रोज निमूटपणे होतो.

महाराष्ट्राने या प्रश्नात पूर्वी मोठी हिंमत दाखवली होती, याचा आज विसर पडला आहे. गणेश दैवज्ञांच्या १५२० मधील ग्रहलाघवावर येथील पंचांगे शतकानुशतके चालली. त्यातील ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनासे झाले, तेव्हा केरूनाना छत्रे यांनी पटवर्धनी पंचांग काढले; त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीचा झेंडा खांद्यावर घेतला. टिळक पंचांगाचा आरंभबिंदू रेवती नक्षत्रातील तारा. तो आणि चित्रापक्ष यांत चार अंशांचा फरक असल्यामुळे टिळक पंचांगाची संक्रांत आजही चार दिवस आधी येते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. ते तर उघडपणे सायन पक्षाचे होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचा पौष संपून नव्हे, सुरू होऊन उत्तरायण गाठते : १ पौष म्हणजे २२ डिसेंबर. ऋतूंशी कधीही न तुटणारी ही दिनदर्शिका शासकीय पत्रांच्या मथळ्यावर एक शुष्क ओळ होऊन राहिली आहे. ज्यांनी स्वदेशीचा आग्रह धरायचा, त्यांच्याही घरांत ती दिसत नाही.

मग संक्रांत डिसेंबरात आणावी काय? तशी घाई करण्याचे कारण नाही. सूर्य निरयन मकर राशीत जातो तो दिवस १४-१५ जानेवारीचाच आहे. तिळगूळ, वाणवसा, पतंग सारे त्या दिवशी खुशाल व्हावे. सण कोणत्या दिवशी करावा हे धर्माचार्य आणि गणिती यांनी एकत्र बसून ठरवायचे आहे आणि समाज एका रात्रीत सवयी बदलत नाही. परंतु संक्रांतीला ‘उत्तरायणारंभ’ म्हणणे आजच थांबवता येईल. काही पंचांगांत डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सायन मकर संक्रमणाची नोंद बारीक अक्षरांत असते. ती ठळक करावी. पंचांग म्हणजे भाबडेपणा असे मानून त्याची टवाळी करणाऱ्या विद्वानांनीही हे ध्यानात घ्यावे, की अयनचलनाचा विचार शिकण्यासाठी मराठी घरात यापेक्षा चांगले साधन नाही; फेकून देण्यापूर्वी त्यांनी ते एकदा वाचावे. शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणाची वाट पाहत होते, ती खऱ्या सूर्याच्या वळण्याची.

खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास दरवर्षी प्रदर्शन भरत आले आहे आणि शाळकरी मुलांची तेथे रीघ लागते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांना त्या प्रदर्शनात मांडण्यासाठी एक काठी, एक ओळंबा आणि एक मोजपट्टी पुरे आहे. येत्या २१ डिसेंबरला माध्यान्हीची सावली मोजावी, संक्रांतीला पुन्हा मोजावी आणि दोन्ही आकडे संक्रमणोत्सवाच्या बौद्धिकाआधी फळ्यावर लिहून ठेवावेत.